मक्केचा लोटा

आमच्या घरात त्याला 'मक्केचा लोटा' म्हणत. बाळंतीण अडली, पोराला नजर लागली, कुणाचा ताप उतरेना, की फुप्पी त्यात रात्रभर पाणी ठेवी. फजरच्या नमाजनंतर त्यावर दम करी आणि ते पाणी वाटी-वाटीने पाजले जाई. न्यायला येणारे सगळे आपलेच असत असेही नाही. गल्लीतल्या वाणी, मराठा, मातंग घरांतल्या बायाही पदराखाली गिलास लपवून येत. आमचे खापरपणजोबा मुंबईहून आगबोटीने हजला गेले आणि येताना या लोट्यातून जमजम घेऊन आले, ही कथा मी इतक्या वेळा ऐकली होती की तिच्याबद्दल प्रश्न विचारता येतो हेच मला पन्नाशीपर्यंत सुचले नाही.

प्रश्न निघाला तो अब्बा वारल्यावर, वाटणीच्या वेळी. माझ्या चुलतभावाचे म्हणणे, भांड्याला असे मानणे म्हणजे बिदअत. ते घरात ठेवूच नये. दुसऱ्या भावाने त्याचा फोटो मुंबईतल्या जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याला दाखवला. व्यापाऱ्याने पितळ म्हणून भाव सांगितला, आणि परदेशी गिऱ्हाईक मिळाले तर जास्त मिळेल असेही सुचवले. (शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर विकता येत नाही, 1972 चा कायदा आहे, हे भावाला माहीत नव्हते. व्यापाऱ्याला असावे.) फुप्पी काहीच बोलली नाही. तिने लोटा आपल्या पेटीत ठेवला आणि किल्ली कमरेला अडकवली. तेव्हा ठरले की आधी ही वस्तू आहे तरी काय, ते मी शोधावे. घरात इतिहास शिकवणारा मी एकटाच.

पेटीतून काढून मी तो प्रथमच नीट पाहिला. नारळापेक्षा थोडा मोठा, पुरता गोल, इतका गोल की चुंबळीशिवाय उभा राहत नाही. तोटी नाही, मूठ नाही. वर सरळ, अरुंद मान आणि मानेच्या मध्यावर जाड कडे. तोंडात दोन बोटे जातील, हात जात नाही. पाणी ओतायला गेले तर गटक-गटक करून सांडते. वजू करायला असे भांडे कोण घेईल? आपल्या बधन्याला तोटी असते ती काही उगीच नाही. आणि जमजम आणायला तरी कोण घेईल? त्या काळचे हाजी ते पाणी पत्र्याच्या डाक लावलेल्या डब्यांतून आणत. उघड्या तोंडाचे गोल भांडे आगबोटीच्या हेलकाव्यात तीन दिवस टिकले नसते. रंग राखाडी. पितळेचा पिवळेपणा घासलेल्या कडेलाही दिसेना. बारकाईने पाहिले तर अंगावर कुठे-कुठे केसाएवढ्या रेघा, जणू कुणी काही लिहून पुसून टाकले आहे.

धातू ओळखायला प्रयोगशाळा लागली नाही. शाळेत पोरांना शिकवतो तीच आर्किमिडीजची युक्ती. सोनाराच्या काट्यावर वजन भरले 1 किलो 710 ग्रॅम. काठोकाठ भरलेल्या पातेल्यात लोटा हळूहळू, आतली हवा निघेल असा बुडवला. सांडलेले पाणी भरले 240 मिलिलिटर. भागाकार 7.1 च्या जरा वर. पितळ साडेआठच्या आसपास असते, तांबे नऊच्या जवळ, लोखंड पावणेआठच्या पुढे. सातच्या जरा वर येणारे म्हणजे कथील किंवा जस्त. कथील मऊ, नखाने ओरखडा उठतो. इथे उठत नव्हता. जस्त, तर मग.

जस्ताचे भांडे म्हटले की आपल्या मुलखात एकच नाव पुढे येते. जस्त काढणेच मुळात अवघड काम. ते 907 अंशांना उकळते आणि भट्टीतून वाफ होऊन निसटते. ती वाफ धरून थंड करण्याची रीत राजस्थानातल्या जावरच्या लोकांनी साधली, युरोपात ती अठराव्या शतकात आली. हे जस्त आणि थोडेसे तांबे, साधारण सोळाला एक, असे वितळवून बीदरचे कारागीर भांडे ओततात. साच्याच्या मातीत एरंडेल आणि राळ मिसळतात. भांडे कानशीने साफ केले की त्यावर मोरचूद चोळून तात्पुरते काळे करतात, म्हणजे कोरलेली रेघ पांढरी दिसते. खोदलेल्या रेघेत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. तोवर सगळे एकाच राखाडी रंगाचे असते. चांदी कुठे संपली आणि जस्त कुठे सुरू झाले ते कळत नाही. शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती येते. ऊन-पाऊस न लागलेल्या जागेची, सोरा असलेली ती माती कारागीर जिभेवर ठेवून पारखतात. नवसागराबरोबर ती पाण्यात उकळून गरम भांड्यावर चोळली की जस्त काळेभोर होते आणि चांदी मात्र तशीच राहते. काळ्यावर चांदणे पडल्यासारखी नक्षी उठते. ही बिदरी.

आणि तो काळा रंग म्हणजे केवळ वरची साय. आमच्या घरात दर ईदला, दर शब-ए-बरातला लोटा चिंच आणि राखेने घासला जाई. पवित्र वस्तू, ती चमकलीच पाहिजे! चार पिढ्यांतल्या बायांनी अशा श्रद्धेने घासून-घासून नक्षी अदृश्य केली होती. त्या केसाएवढ्या रेघा म्हणजे काही ठिकाणी निघून गेलेल्या चांदीच्या तारांच्या रिकाम्या खाचा.

पण बिदरीत सुरई येते, पानदान येते, आफताबा आणि चिलमची येते. हे गोल प्रकरण कोणते? लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील बिदरीवर सुसान स्ट्राँग यांचे 1985 चे पुस्तक आहे. ते हाती पडले आणि पाने उलटताना मी थबकलोच. तोच गोलवा, तीच मान, तेच कडे. पुढे हैदराबादला सालारजंग संग्रहालयात प्रत्यक्षही तशी भांडी पाहिली. हुक्का! म्हणजे हुक्क्याची खालची, पाणी भरायची बैठक. एकाच तोंडात ओले फडके गुंडाळून नैचा बसवायचा, वर चिलम. कडे असते ते नैचा घट्ट धरता यावा म्हणून. सतराव्या शतकात आणि अठराव्याच्या पूर्वार्धात ही बैठक गोल असे आणि वेगळ्या कड्यावर ठेवत. पुढे घंटेसारखी, सपाट बुडाची आली. नुसत्या आकारावरून साल सांगणे धाडसाचे, कारण जुना घाट पुढेही कुणी ओतला असेल. गंमत अशी की अरबीत 'हुक्का' या शब्दाचा अर्थच मुळी डबी किंवा भांडे. आपण नाव सगळ्या यंत्राला दिले आणि भांडे बिनानावाचे राहिले.

हुक्काही दख्खनचाच म्हणावा लागेल. तंबाखू पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या बाजूने विजापुरात आली. अकबराचा सरदार असद बेग विजापूरला गेला होता. 1604 च्या सुमारास परतताना त्याने ती दरबारात नेली आणि रत्नजडित हुक्का बादशहापुढे ठेवला. हकिमाने बादशहाला अडवले, तरी सरदारांत चट लागलीच. जहांगीराने 1617 मध्ये बंदीचा हुकूम काढला, त्याचे काय झाले ते आपल्या पानठेल्यांवर दिसतेच. हकीम अबुल फतह गिलानी यांनी हुक्का शोधला असे बरेचजण ठासून लिहितात, पण ते 1589 मध्येच वारले होते. तंबाखू मुबाह, मकरूह की हराम, यावर उलेमांनी शतकभर कागद काळे केले. आमच्या घरच्या हुक्क्यावर मात्र शतकभर दरूद फुंकले जात होते.

एवढ्याने माझी खात्री झाली होती, चुलतभावाची झाली नाही. मग अब्बांच्या ट्रंकेतला तकसीमनामा पुन्हा काढला. 1318 फसलीचा, म्हणजे 1908-09 चा, शिकस्ता उर्दूतला. आजवर आम्ही त्यात फक्त जमिनीचे नंबर पाहत आलो होतो. शेवटच्या पानावर भांड्यांची यादी आहे. देगचे, सिनी, पानदान, आणि त्याखाली: 'हुक्का बिदरी मै नैचा, एक अदद'. मक्केच्या लोट्याचा उल्लेख कुठेच नाही.

मक्केहून आली म्हणून जपलेली वस्तू आमच्याच जिल्ह्याच्या गावी झाली होती. आमचे गाव उदगीर तालुक्यात, आणि उदगीर 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. राज्यांची फेरमांडणी झाली, बीदर म्हैसूर राज्यात गेले, आम्ही उस्मानाबादेत, 1982 पासून लातुरात. दादी शेवटपर्यंत बीदरला 'जिला' म्हणायची.

मग मक्का आली कुठून? खापरपणजोबा हजला गेले हे खरेच. माझा आपला अंदाज असा की परत आल्यावर त्यांनी किंवा त्यांच्या मुलाने तंबाखू सोडली, नैचा काढून ठेवला आणि बैठक पाण्याला लागली. 'हाजीसाहेबांचा लोटा' चा 'मक्केचा लोटा' व्हायला एक पिढी पुरते.

पण या चुकीच्या नावानेच तो वाचला आहे. सप्टेंबर 1948. पोलीस ॲक्शनचे ते दिवस आपल्या वडीलधाऱ्यांनी फार बोलून दाखवले नाहीत. सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले ते उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड; मृतांचा तिचा अंदाज किमान 27 ते 40 हजारांचा, आणि तो अहवाल लोकांना पाहायला मिळाला 2013 मध्ये. आमची दादी एका रात्री तीन लेकरे घेऊन गाव सोडून निघाली. शेजारच्या वाण्याने बैलगाडी दिली. एका हातात कडेवरचे मूल, दुसऱ्या हातात गाठोडे. गाठोड्यात कुराणशरीफ आणि मक्केचा लोटा. पानदान, सिनी, देगचे सगळे घरात राहिले. चार महिन्यांनी परतले तेव्हा चौकटीसुद्धा नव्हत्या. हुक्का म्हणून तो घरात माहीत असता, तर दादीने त्याच्याकडे वळूनही पाहिले नसते.

फुप्पीला सांगणे जिवावर आले होते, पण सांगणे भागच होते. जस्ताच्या भांड्यात, त्यातही कधी शिसे मिसळलेले असते अशा भांड्यात, रात्रभर ठेवलेले पाणी गरोदर बाईला पाजणे बरे नाही. एका जुमेरातला तिच्याजवळ बसलो आणि हुक्का, बीदर, तकसीमनामा सगळे सांगितले. ती तसबीह फिरवत ऐकत राहिली.

"तो हमारी अम्मा हुक्का लेके भागी, बोलताय तू?"

"हौ, फुप्पी."

बराच वेळ गेला. मग ती हसली, तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत हसली. आणि हसता-हसता रडायला लागली. 1948 च्या त्या बैलगाडीबद्दल ती पहिल्यांदा त्या दुपारी बोलली. तेव्हा ती सात वर्षांची होती. लोटा गाठोड्यात तिच्या मांडीवर होता, आणि वाटेत तो खणखणू नये म्हणून दादीने त्याच्या तोंडात तिची ओढणी कोंबली होती.

पाणी आता ती काचेच्या बाटलीत दम करते. येणाऱ्या बायांना फरक पडलेला नाही. लोटा घेऊन मी बीदरला गेलो. तिथल्या एका म्हाताऱ्या उस्तादांनी तो उलटसुलट केला, वास घेतला, आणि सगळा काळा करून देऊ का असे विचारले. मी नको म्हणालो. घासणाऱ्या हातांची खूणही राहू द्यावी असे वाटले. त्यांनी बुडाजवळचा तळहाताएवढा भाग तेवढा गरम करून माती चोळली, धुतला, तेलाचे बोट फिरवले. काळ्यावर एक फूल उठले, अफूचे, वाकलेल्या देठाचे. एका पाकळीची चांदी गेलेली.

फुप्पी आता तो भाग वर येईल असा लोटा चुंबळीवर आडवा ठेवते. पेटीला कुलूप नसते.