सेलिहोथ : बेने इस्राएल परंपरेतील क्षमायाचनेच्या प्रार्थना

सेलिहोथ ही ज्यू धर्मातील क्षमायाचनेच्या प्रार्थनांची संज्ञा आहे. हिब्रू पंचांगातील एलूल महिन्यात आणि त्यापुढे तिश्री महिन्याच्या आरंभी, रोश हशाना या वर्षारंभापासून योम किप्पूर या प्रायश्चित्तदिनापर्यंतच्या काळात, वर्षारंभाचे दोन दिवस व शब्बाथ वगळून, या प्रार्थना समुदायाने एकत्र जमून म्हणावयाच्या असतात. एलूल श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास येतो. कार्तिकात काकडआरतीसाठी जसे गाव अंधारातच देवळाकडे निघते, तसे या दिवसांत उपासक उजाडण्यापूर्वी सिनेगॉगमध्ये जमतात, आणि हज्जान, म्हणजे प्रार्थना चालविणारा, पदे म्हणू लागला की इतर त्याला प्रतिसाद देतात.

महाराष्ट्रात ही परंपरा मुख्यत्वे बेने इस्राएल समाजाची आहे. कोकणात, विशेषतः आजच्या रायगड जिल्ह्यात, तेलाचे घाणे चालविणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवत असल्याने 'शनवार तेली' म्हणून ओळखला जाणारा हा मराठीभाषक समाज दीर्घकाळ धर्मग्रंथ व धर्मशिक्षक यांच्यावाचून राहिला. समाजाच्या परंपरेनुसार हिब्रू प्रार्थनांपैकी 'शमा' हे एकेश्वरत्वाचे वचन तेवढे त्याच्या स्मरणात उरले होते. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी 1897 मध्ये पूर्ण केलेल्या आणि 1937 मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासग्रंथात समाजाच्या सणांची मराठी नावे नोंदविली आहेत. एलूलमधील उपवासांना 'रमजान', वर्षारंभाला 'नव्याचा सण' आणि ज्या दिवशी दारे लावून घेऊन कडक उपवास करावयाचा त्या योम किप्पूरला 'दरफाळणीचा सण' असे म्हटले जाई. त्यानंतरचा दिवस 'शिळा सण' होय. रमजान हे नाव शेजारच्या मुसलमान समाजाकडून आले असले, तरी त्यावरून व्रतही उसने ठरत नाही. सेलिहोथचा उगमच सार्वजनिक उपवासांत आहे: इ. स. तिसऱ्या शतकाच्या आरंभी संकलित झालेल्या मिश्ना या धर्मसंहितेतील 'तानीथ' प्रकरणात, अवर्षण पडल्यावर धर्मग्रंथाची पेटी गावाच्या चौकात आणून, तिच्यावर व मुख्य माणसांच्या मस्तकी राख घालून उपवास व प्रार्थना कराव्यात असे सांगितले आहे. शब्द हरपले तरी उपवास टिकला, या दृष्टीने पाहता कोकणातील व्रतात या विधीचा सर्वांत जुना थर शिल्लक राहिला होता असे म्हणता येते.

शब्द परत आले ते कोचीनच्या ज्यू शिक्षकांमुळे. सामाजी हसाजी दिवेकर यांनी 1796 मध्ये मुंबईत 'शाआर हाराहमीम' हे समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले आणि सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनमधील व पुढे पूर्वेकडील देशांत रूढ झालेली, उपासनापद्धती स्थिरावली. पुढे जोसेफ इझिकिएल राजपूरकर (1834–1905) यांनी अनेक हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले.

सेलिहोथचा गाभा म्हणजे हिब्रू बायबलमधील 'निर्गम' ग्रंथाच्या 34 व्या अध्यायातील ईश्वराचे तेरा दयागुण. ईश्वराने प्रार्थना चालविणाऱ्याप्रमाणे स्वतःला वस्त्रात गुंडाळून मोशेला हा क्रम दाखविला, असे रब्बी योहानान यांचे वचन तालमूद या मिश्नावरील चर्चाग्रंथात आहे. प्रार्थना चालविणारा असेल तर समुदायही असला पाहिजे, या विचारातून एकट्याने हे गुण म्हणावेत काय, हा वाद निर्माण झाला. काही प्राचीन आचार्यांनी त्याला मनाई केली. तेराव्या शतकातील स्पेनमधील रश्बा यांनी मात्र, प्रार्थना म्हणून न म्हणता ग्रंथपठनाच्या सुरात म्हटल्यास दोष नाही, असा मार्ग काढला, आणि योसेफ कारो यांनी सोळाव्या शतकातील 'शुल्हान आरूख' या आचारसंहितेत तोच स्वीकारला. समुदाय म्हणजे परंपरेने किमान दहा प्रौढ पुरुष. खेड्याखेड्यांत थोडथोडी घरे असलेल्या समाजात हा वाद पुस्तकी राहत नाही, कारण दहावा माणूस येतो की नाही यावर प्रार्थनेचे स्वरूपच ठरते.

किती दिवस म्हणावे, याबाबतही एकमत नाही. बॅबिलोनियातील विद्यापीठांत दहाच दिवसांची चाल होती. कारो सेफार्दी रीतीनुसार सबंध एलूल सांगतात, तर क्राकोचे मोशे इस्सर्लेस मध्य व पूर्व युरोपातील अश्केनाझी रीत देतात: वर्षारंभापूर्वीच्या रविवारी आरंभ करावा, पण वर्षारंभ सोमवारी किंवा मंगळवारी असल्यास आणखी एक आठवडा आधी, म्हणजे निदान चार दिवस मिळतात. बळीच्या पशूत व्यंग नाही हे चार दिवस तपासले जाई, तसे माणसाने स्वतःला तपासावे, असे त्याचे एक कारण दिले जाते. मध्यरात्रीपूर्वी दयागुण म्हणू नयेत, या गूढवादी मताला विसाव्या शतकात ओवादिया योसेफ यांनी ठामपणे उचलून धरले. अमेरिकेतील मोशे फाइनस्टाइन यांनी मात्र, अन्यथा लोक येऊच शकणार नसतील तर, निकडीपुरती सूट दिली.

मराठी वाचकाला सर्वाधिक जवळचा वाद भाषेचा आहे. प्रार्थना कोणत्याही भाषेत चालते, असे मिश्ना सांगते. परंतु देवदूतांना अरामी भाषा समजत नाही, तेव्हा एकट्याने आपल्या मागण्या त्या भाषेत मांडू नयेत, असे रब्बी योहानान यांचे मत असल्याने सेलिहोथमधील अरामी पदे समुदायाअभावी गाळतात. हा निर्बंध सर्व परभाषांना लागू आहे की फक्त अरामीला? 'शुल्हान आरूख' दोन्ही मते नोंदविते, आणि दुसरे मत मानल्यास एकट्या उपासकाची मराठी विनवणीही ग्राह्य ठरते. देवदूतांनी मध्यस्थी करावी अशी विनंती ज्या पदांत आहे, त्यांवर प्रागचे महाराल यांचा आक्षेप आणखी मूलगामी होता: मागणे थेट ईश्वराकडेच असले पाहिजे.

1948 नंतर बेने इस्राएलांचा मोठा भाग इस्राएलमध्ये स्थलांतरित झाला. अलिबाग, पेण, पनवेल व रेवदंडा येथे सिनेगॉग उभी आहेत, परंतु कोकणातील घरे विरळ झाली असून एलूलच्या पहाटे दहा जणांची जुळवाजुळव अवघड झाली आहे. मुंबई, ठाणे व पुणे येथील सिनेगॉगच्या भोवती आता समाजाचे सार्वजनिक धर्मजीवन प्रामुख्याने एकवटलेले आहे.