खाटेशेजारचं आपलं माणूस

ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत दाखल होताना फॉर्मवर एक प्रश्न असतो: तुम्ही ॲबोरिजिनल किंवा टोरेस स्ट्रेट बेटांवरचे आहात का? 'हो' म्हटलं की नाव आणखी एका यादीत जातं. ती यादी हातात घेऊन सकाळी वॉर्डात फिरणारी बाई डॉक्टर नसते, नर्सही नसते. ती लिएझन ऑफिसर, म्हणजे रुग्ण आणि रुग्णालय यांच्यातला दुवा; बहुधा त्याच समाजातली. खाटेपाशी आली की आजाराचं नंतर. कुठली गं तू, कुणाची, हे आधी. नातं लागलं की मग बाकीचं बोलणं.

ही सोय कुणाच्या कनवाळूपणातून आली असेल, असं वाटतं. माग काढत गेलं तर वाट पोचते पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कार्नार्व्हनसमोरच्या दोन ओसाड बेटांवर. १९०८ ते १९१९ या काळात सरकारने गुप्तरोगाच्या संशयावरून शेकडो आदिवासींना धरून तिथे ठेवलं. बर्नियर बेटावर पुरुष, डोर बेटावर बायका. रोग आहे की नाही हे पुष्कळदा डॉक्टरने नव्हे, पोलिसाने ठरवलेलं. गळ्यात साखळ्या घालून त्यांना दूरदूरहून आणलं जाई. अनेकांची मूठमाती तिथेच झाली. सरकारी कागदांत त्या जागेचं नाव मात्र रुग्णालय.

बेटं बंद झाली; पण गावोगावच्या दवाखान्यांत आदिवासींसाठी वेगळा वॉर्ड, नाहीतर मागचा व्हरांडा राहिलाच. बाळंतपणाला गेलेल्या बाईचं मूल तिथूनच सरकारी माणसांनी उचलून नेल्याच्या हकिकती आदिवासी मुलांच्या ताटातुटीबद्दलच्या १९९७च्या चौकशी अहवालात नोंदल्या आहेत. अशा घरातली आजी नातीला दवाखान्यात पाठवायला का कचरते, हे कुठल्या तज्ज्ञाने सांगायची गरज नाही.

उलटा प्रवास सुरू झाला तो रुग्णालयाबाहेर. १९७१ साली सिडनीच्या रेडफर्न भागात आदिवासींनी स्वतःचा दवाखाना उघडला. फ्रेड हॉलोजसारखे डॉक्टर मदतीला होते, पण कारभार समाजाच्या हातात. आपलं माणूस समोर असलं की लोक येतात, हे तिथे उघड दिसलं. १९८२मध्ये व्हिक्टोरिया राज्याने रुग्णालयांत लिएझन ऑफिसर नेमण्याची योजना काढली. २००४मध्ये तिथेच आदिवासी रुग्णामागे रुग्णालयाला ३० टक्के जादा निधी देऊ केला. माझ्या मते खरी कलाटणी ही. तोवर सगळं त्या एका बाईच्या जिवावर चाललं होतं.

तिचं काम ऐकायला किरकोळ वाटतं. दूरच्या वस्तीतून आलेल्या म्हाताऱ्यासोबत पुतणीला राहू द्या, म्हणून भांडायचं. पुरुषांच्या गोष्टी तरुण नर्सने विचारू नयेत, हे समजावायचं. मृत्यू झाला तर अनेक समाजांत गेलेल्याचं नाव काही काळ उच्चारत नाहीत, हे वॉर्डाच्या कानावर घालायचं. कुटुंबाला खोलीत पाल्याची धुरी द्यायची असेल, तर धूर ओळखणारी यंत्रं तेवढ्यापुरती बंद करून घ्यायची. (आपल्या सरकारी दवाखान्यात नातेवाइकांचा गराडा हटवायला वॉचमन लागतो; तिथे एका पुतणीसाठी अधिकारी लागतो.)

भाषेचा पेच सगळ्यात अवघड. डार्विनच्या डायलिसिस केंद्रातला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. योल्ङू या आदिवासी समाजातले रुग्ण आणि कर्मचारी यांना एकमेकांचं म्हणणं क्वचितच पुरतं कळत होतं, आणि कळत नाहीये हेही पुष्कळदा कुणाच्या लक्षात येत नव्हतं. प्रशिक्षित दुभाष्यांना फारसं बोलावलंच जात नव्हतं. डॉक्टर विचारणार, समजलं ना? रुग्ण मान डोलावणार.

उपचार अर्धवट सोडून जाण्याचं प्रमाण आदिवासी रुग्णांत आजही इतरांहून जास्त आहे. केस-पेपरवर नोंद होते ती रुग्ण स्वतःच्या मर्जीने गेला अशी. रात्री अपघात विभागात ताटकळत असताना त्याच्याशी कोण बोललं, याला त्या कागदावर रकाना नाही. आणि लिएझन ऑफिसरची ड्यूटी बहुतेक ठिकाणी अजून कचेरीच्या वेळेचीच आहे.