जंगलातली ‘रेंज’

गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या सागवानी जंगलात ‘रेंज’ मोबाइलच्या कितीतरी आधी पोहोचली. जुन्या फ्रेंचमध्ये ओळ किंवा रांग असा अर्थ असलेला हा शब्द इंग्रजांबरोबर आला. 1864मध्ये वनखाते उभे राहिले, डीट्रिख ब्रँडिस पहिले महानिरीक्षक झाले. पुढे जंगलाचे विभाग पडले, विभागांच्या रेंज झाल्या आणि रेंजचा साहेब तो रेंजर. कागदावर आता ‘वनपरिक्षेत्र अधिकारी’ लिहितात. बोलण्यात रेंजरसाहेबच टिकले.

भारतात पहिला मोबाइल कॉल 31 जुलै 1995 रोजी झाला. यथावकाश ‘रेंज’ म्हणजे फोनचा सिग्नल, हे मराठीत रुळले.

वनखात्याची रेंज नकाशावर रेघ ओढून ठरते. फोनची रेंज ठरवतात टॉवरचे अंतर, डोंगर आणि दाट झाडी. म्हणून आलापल्लीच्या पुढे भामरागडकडे कित्येकदा पहिली सरता सरत नाही, दुसरी शोधून सापडत नाही.