कोलामी भाषक विद्यार्थी (वर्धा जिल्हा)

कोलाम या आदिम जमातीची कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा. तिच्या वर्धा बोलीवर आधारित मरे एमेनो यांचा ग्रंथ १९५५ मध्ये निघाला. पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, कोलामी बोलणाऱ्या मुलासाठी शाळेतली मराठी नवीच असते, पण वर्गात त्याला अनेकदा मराठी भाषक धरले जाते. बाईंनी विचारलेला प्रश्नच कळत नाही. मूल गप्प बसते आणि ‘कच्चे’ ठरते. अमेरिकेत हैती, सोमालियातून आलेली कृष्णवर्णीय मुलेही अशीच नजरेआड राहतात. कारण इंग्रजी शिकणारा म्हणजे स्पॅनिश भाषक, असा तिथला सर्वसाधारण समज. आपल्याकडे मात्र ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यातच भरलेल्या शिक्षण परिषदेने मातृभाषेतून शिक्षणाचा ठराव केला. राज्यघटनेचे कलम ३५०क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी प्राथमिक स्तरावर हीच सोय सांगते. कोलामी मुले तिची पूर्ण हक्कदार आहेत.