बंदूक गेली, पहाट राहिली

आजचा विषय आहे बदकांची शिकार, आणि बोलतोय खेडमधून, जगबुडीच्या काठावरून.

आपल्या कोकणात पारध हे एकट्याचं काम कधीच नव्हतं. कुणी हाकारे घालायचं, कुणी ठासणीची बंदूक घेऊन दबा धरायचं, शेवटी सगळ्यांचे वाटे पडायचे. मला वाटतं, खरी मजा मटणापेक्षा त्या सोबतीत होती.

साहेबलोकांचंही तेच. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली, तिच्यात शिकारीही होते. स्टुअर्ट बेकरचा भारतीय बदकांवरचा ग्रंथ याच संस्थेनं १९०८ मध्ये काढला. छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेली चिमणी घेऊन पोरसवदा सलीम अली गेले, तेही इथेच. म्हणजे बघा, नेम धरता धरताच माणसं पक्षी ओळखायला शिकली!

१९७२ च्या वन्यजीव कायद्यात बदकं ‘छोटी शिकार’ होती. परवाना काढून मारता यायची. १९९१ च्या दुरुस्तीनं तेही बंद झालं, आणि ते बरंच झालं. पण बंदुकीबरोबर पहाटे चुलत्यांसोबत गप्प बसून पाण्याकडे बघणंही गेलं, ते का? त्याला तर परवाना लागत नाही. या थंडीत घरच्या पोरांना घेऊन बसा की!