आणीबाणी सुरू करणं सोपं असतं. संपवतो कोण?

मागच्या आठवड्यात ओळखीतल्या एका कॉलेजच्या पोराचा मेसेज आला. "दादा, २५ जून आला की सगळे आणीबाणी आणीबाणी करतात. म्हणजे हॉस्पिटलात असते ती इमर्जन्सीच ना? मग त्यावरून एवढं भांडण कसलं?"

आधी हसू आलं. मग वाटलं, प्रश्न अगदी बरोबर आहे. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे. आपण मराठीत मात्र त्याची वाटणी करून टाकलीय. अपघात झाला, रक्त हवंय, रात्री दोनला रिक्षा हवीय, तर इमर्जन्सी. इंदिराबाई, मिसा, तुरुंग म्हटलं की आणीबाणी. पूर्वी असं नव्हतं. "आणीबाणीच्या वेळी धावून येतो तोच खरा मित्र" असं आपल्या आज्या-आजोबा सहज म्हणायचे. आणीबाणीचा प्रसंग म्हणजे निकराची, कसोटीची वेळ. १९७५ नंतर हा शब्द राजकारणाने असा काही ताब्यात घेतला की घरात वापरायला तो उरलाच नाही. म्हणून या एका शब्दाचा इतिहास लिहायला बसलो. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

इमर्जन्सीचं मूळ लॅटिनमध्ये. बुडालेलं काहीतरी पाण्याबाहेर वर येणं, हा मूळ अर्थ. शांत पाण्यातून अचानक काहीतरी डोकं वर काढतं, ती इमर्जन्सी. हिंदीत आपातकाल म्हणतात. त्यातल्या आपातमध्ये पत् म्हणजे पडणं आहे. तिथे संकट वरून कोसळतं. गुजराती माणूस कटोकटी म्हणतो, बंगाली माणूस जरुरी अवस्था. आणि उर्दूत काय म्हणतात माहितेय? हंगामी हालत! आपल्याकडे हंगामी म्हणजे तात्पुरता. हंगामी कामगार, विधानसभेचा हंगामी अध्यक्ष. मला विचाराल तर या सगळ्यांत उर्दू शब्द मराठी कानाला सगळ्यात खरं सांगून जातो. इमर्जन्सी हंगामीच असायला हवी.

दवाखान्यात हे आपल्याला न सांगता कळतं. पेशंट आत नेला की डॉक्टर कपडे कापतात, विचारत बसत नाहीत. आपणही हरकत घेत नाही. पण दोन दिवसांनी त्याला वॉर्डात हलवतात, मग घरी सोडतात. इमर्जन्सीत कोणी मुक्काम करत नाही. देशाच्या बाबतीत गडबड होते ती नेमकी इथेच.

याचा पहिला मोठा धडा आपल्याच पुण्या-मुंबईने घेतलाय. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. संकट खरं होतं, माणसं मरत होती. इंग्रज सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये घाईघाईने साथरोग कायदा केला. चार-दोन कलमांचा, पण अधिकार भरमसाट. पुण्यात गोरे सोजीर घराघरात घुसले, बायकांची तपासणी, सामानाची जाळपोळ. त्यातून रँडवर २२ जून १८९७ ला चाफेकर बंधूंनी गोळी झाडली, हे आपण शाळेत शिकलो. शाळेत न शिकलेली गोष्ट ही, की प्लेग गेला, इंग्रज गेले, पण तो कायदा गेला नाही. २०२० च्या मार्चमध्ये कोविड आला तेव्हा सरकारने आधी तोच १२३ वर्षांचा कायदा बाहेर काढला. संकटाच्या वेळी घेतलेला अधिकार आपणहून परत जात नाही, त्याला पाठवावं लागतं.

घटना लिहिणाऱ्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. १९४९ मध्ये घटना समितीत आणीबाणीच्या तरतुदींवर कडाक्याची चर्चा झाली. हरि विष्णू कामत यांनी जर्मनीचं उदाहरण दिलं. तिथल्या वायमार घटनेत अशीच तरतूद होती, कलम ४८. फेब्रुवारी १९३३ मध्ये राइशस्टाग म्हणजे संसदेची इमारत जळाली आणि दुसऱ्याच दिवशी त्या कलमाखाली नागरिकांचे हक्क स्थगित झाले. तो हुकूम हिटलर असेपर्यंत कधीच मागे घेतला गेला नाही. राज्यांचा कारभार केंद्राने हाती घेण्याच्या कलमांबद्दल डॉ. आंबेडकरांनीही दुरुपयोगाची शक्यता नाकारली नाही. ती वापरायची वेळच येऊ नये, कागदावरच राहावीत, अशी आशा त्यांनी व्यक्त केली. पण तरतुदी राहिल्या. राष्ट्रीय आणीबाणीचं ३५२ वं कलम त्यातलंच.

या कलमात एक मोठी फट होती. आणीबाणी जाहीर केल्यावर दोन महिन्यांत संसदेची मंजुरी घ्यायची, एवढंच बंधन. एकदा मंजुरी मिळाली की पुढे मुदतच नाही. सरकारला वाटेल तेव्हा सरकारने ती उठवायची.

आता पुढचा हिशोब नीट बघा, कारण हा सहसा कोणी सांगत नाही.

चीनने हल्ला केला २० ऑक्टोबर १९६२ ला. २६ ऑक्टोबरला पहिली आणीबाणी लागली. योग्यच होतं. २१ नोव्हेंबरला लढाई थांबली. आणीबाणी उठली कधी? १० जानेवारी १९६८ ला! मध्ये नेहरू गेले, पाकिस्तानशी युद्ध झालं, शास्त्रीजी गेले, १९६७ ची सार्वत्रिक निवडणूकसुद्धा आणीबाणीतच पार पडली.

दुसरी ३ डिसेंबर १९७१ ला, पाकिस्तानच्या युद्धात. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, तेरा दिवसांत युद्ध संपलं. आणीबाणी राहिली मार्च १९७७ पर्यंत. म्हणजे २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांनी सही केली तेव्हा देशात एक आणीबाणी आधीच चालू होती. तिच्यावर दुसरी चढवली गेली. १९६२ ते १९७७ या साधारण साडेचौदा वर्षांपैकी साडेदहा वर्षं आपला देश आणीबाणीखाली होता. आपण मात्र फक्त २१ महिने लक्षात ठेवलेत.

ते २१ महिने लक्षात राहिले याला अर्थात कारण आहे. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली. २४ जूनला सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून स्थगिती दिली. २५ ला दिल्लीत रामलीला मैदानावर जयप्रकाशांची सभा झाली आणि त्याच रात्री सही. मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. कारण काय दिलं? अंतर्गत अशांतता. ना शत्रू सीमेवर, ना प्लेग. अशांतता म्हणजे नक्की काय, हे मोजायचं माप कोणाकडेच नव्हतं.

पुढे शहा आयोगाने जे आकडे दिले त्यानुसार मिसा आणि भारत संरक्षण नियमांखाली मिळून एक लाख दहा हजारांवर माणसं आत गेली. येरवडा, नाशिक इथले तुरुंग भरले. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर करणारं विधिमंडळ कुठलं होतं? आपलं, महाराष्ट्राचं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. हे सगळं दिल्लीने केलं असं म्हणून आपल्याला हात झटकता येत नाहीत.

आणि शब्दांचं काय झालं? पवनारला विनोबा मौनात होते. त्यांनी "अनुशासन पर्व" हे दोन शब्द लिहिले आणि सरकारने ते उचलले. भिंतीभिंतींवर, रेडिओवर आणीबाणीचं नवं नाव लागलं. मौन सुटल्यावर विनोबांनी फरक समजावला, की राज्यकर्त्यांचं असतं ते शासन, अनुशासन असतं ते आचार्यांचं. पण तोवर पोस्टर लागून गेली होती. वाईट गोष्टीला चांगलं नाव मिळालं की अर्धं काम होतं, हे सत्तेला नेहमीच कळतं.

उलट बाजूही महाराष्ट्रानेच दाखवली. डिसेंबर १९७५, कऱ्हाडचं साहित्य संमेलन. अध्यक्ष दुर्गा भागवत. स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. जयप्रकाश तेव्हा मूत्रपिंडाच्या आजाराने मुंबईत जसलोकमध्ये होते. त्या भर मांडवात दुर्गाबाई लेखकाच्या स्वातंत्र्यावर बोलल्या आणि जयप्रकाशांना बरं वाटावं म्हणून उपस्थितांना प्रार्थनेचं आवाहन केलं. एवढंच. घोषणा नाही, दगड नाही. पुढे दुर्गाबाईंना अटक झाली. ज्या राजवटीला प्रार्थनेची भीती वाटते, तिथे संकट कोणावर आलेलं असतं हे वेगळं सांगायला नको.

कोर्टाचंही सांगायलाच हवं. नऊ उच्च न्यायालयांनी सांगितलं होतं, की आणीबाणी असली तरी बेकायदा अटकेविरुद्ध दाद मागता येईल. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते फिरवलं. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्नांनी विचारलं होतं, पोलिसाने वैरापोटी कोणाचा जीव घेतला तर? महान्यायवादींचं उत्तर होतं, आणीबाणीत त्यावरही उपाय नाही. खन्ना एकटे विरोधात गेले आणि जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्ती सरन्यायाधीश झाले. बहुमतातल्या चौघांत आपले मराठी यशवंतराव चंद्रचूडही होते. ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणाच्या खटल्यात त्यांच्याच मुलाने, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूडांनी, वडिलांचा तो निकाल चुकीचा होता असं लिहून ठेवलं. चूक दुरुस्त व्हायला ४१ वर्षं लागली.

मग धडा घेतला का? घेतला, आणि हे श्रेय द्यायलाच हवं. १९७८ मध्ये जनता सरकारच्या काळात ४४ वी घटनादुरुस्ती झाली. अंतर्गत अशांतता हे शब्द गेले, त्या जागी सशस्त्र बंड आलं. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा. एका महिन्यात संसदेची मंजुरी हवी, तीही विशेष बहुमताने. दर सहा महिन्यांनी पुन्हा मंजुरी. लोकसभेला वाटलं तर ती आणीबाणी नामंजूर करू शकते. आणि जगण्याचा हक्क कुठल्याही परिस्थितीत स्थगित करता येणार नाही.

ही यादी परत वाचा. यात शत्रू कोण, संकट किती मोठं, याबद्दल फारसं काही नाही. विचारलंय ते एवढंच: कोण म्हणतंय? कारण लेखी आहे का? आणि संपणार कधी? म्हणजे इमर्जन्सीला पुन्हा हंगामी करून टाकलं. १९७७ नंतर आजपर्यंत ३५२ खाली आणीबाणी लागलेली नाही.

आता म्हणाल, मग हे आज कशाला उगाळायचं? दोन कारणं आहेत.

एक, शब्दाची झीज. सत्तेत कोणीही असो, विरोधक म्हणणार "अघोषित आणीबाणी". काल हे म्हणत होते, आज ते म्हणतात, उद्या परत हे म्हणतील. दरवेळी लांडगा आला म्हटलं की खरा लांडगा आला तेव्हा गावातलं कोणी उठत नाही. ज्यांनी खरंच १९ महिने येरवड्यात काढले, त्यांच्याशी हा अन्यायच आहे. आणि सरकारं, तीही सगळ्या रंगांची, प्रत्येक घाईला राष्ट्रहित म्हणतात. तो याच नाण्याचा दुसरा छापा.

दोन, आणि हे आपल्या गल्लीतलं. मोठी आणीबाणी घटनेने बांधून ठेवलीय, पण छोट्या इमर्जन्स्या मोकळ्याच फिरतात. महापालिका अधिनियमाच्या कलम ६७ मध्ये आयुक्तांना तातडीच्या प्रसंगी नेहमीची पद्धत बाजूला ठेवून काम करून घेता येतं. पूल खचला, इमारत कोसळली, पाइपलाइन फुटली, तर करायलाच हवं. तिथे निविदेची वाट बघत बसणं म्हणजे गुन्हा. पण नालेसफाई? पावसाळा जूनमध्ये येतो हे कालिदासालाही ठाऊक होतं. दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी नाला अचानक तातडीचा होत असेल, तर ते संकट पाण्यातून वर आलेलं नाही, फाइलीतून वर आलेलं आहे. कायदाच सांगतो की असं काम केल्यावर आयुक्तांनी लगेच कारणांसह कळवायचं. ते कळवलं का, हे आपण कधी विचारतो?

त्या पोराला मी उत्तर दिलं: अरे, बरोबर ओळखलंस, दोन्ही एकच. फरक एवढाच, की दवाखान्यातल्या इमर्जन्सीतून माणूस बाहेर कधी येणार हे नातेवाईक दर तासाला विचारत असतात. १९६२ ला आणि १९७१ ला आपण ते विचारलं नाही, म्हणून १९७५ सोपं गेलं.

घरात कोणी मिसात गेलेलं असेल, किंवा तेव्हा नोकरीत असेल, तर या २५ जूनला त्यांच्याजवळ अर्धा तास बसा. तेव्हा विशीत असलेली माणसं आता सत्तरीत आहेत. त्यांना पक्ष विचारू नका. एवढंच विचारा, की तेव्हा तुम्हाला ती कधी संपेल असं वाटलं होतं?