अकोला करार : एक प्रांत, दोन मंत्रिमंडळे

८ ऑगस्ट १९४७. स्वातंत्र्याला आठवडा उरला असताना अकोल्यात मराठी पुढाऱ्यांनी एका करारावर सह्या केल्या. संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे शंकरराव देव एका बाजूस, वऱ्हाडचे ब्रिजलाल बियाणी दुसऱ्या बाजूस. ठरले ते असे : मराठी भाषकांचा प्रांत एकच, पण त्यात पश्चिम महाराष्ट्र व महाविदर्भ हे दोन उपप्रांत; प्रत्येकाला स्वतंत्र विधिमंडळ व मंत्रिमंडळ. पुणे, मावळ, लोणावळा एकात. नागपूर, अकोला दुसऱ्यात. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता.

विदर्भाला ही तजवीज हवीशी वाटली, यामागे अनुभव होता. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात, नावाला मात्र निजामाचे. पुढे १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडले गेले. वऱ्हाडच्या कापसावर मिळणारा महसूल हिंदी जिल्ह्यांवर खर्च होतो, ही तक्रार तेव्हापासूनची. १९३८ मध्ये तेथील विधिमंडळानेच स्वतंत्र महाविदर्भाचा ठराव केला. आता हिंदी बहुमताच्या जागी मुंबई-पुण्याचे बहुमत येणार, एवढाच फरक पडेल काय, हा प्रश्न रास्त होता. हा प्रदेश मराठीपणात कुठे उणा नव्हता. ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले ते वऱ्हाडातल्या रिद्धपुरात.

करारात पळवाट नव्हे, पण पर्याय होता : उपप्रांत न जमल्यास महाविदर्भाचा वेगळा प्रांत. घडले दोन्हींपैकी काहीच नाही. १९४८ च्या दार आयोगाने भाषावार प्रांतरचनेलाच विरोध केला, आणि राज्याच्या पोटात दुसरे विधिमंडळ ही कल्पना नव्या घटनेत बसली नाही. ती अव्यवहार्य होती, असे मात्र म्हणता येत नाही. १९६९ मध्ये खास घटनादुरुस्ती करून आसामात मेघालय हे स्वायत्त राज्य, विधिमंडळ व मंत्रिमंडळासह, पुढच्याच वर्षी उभे राहिले.

महाराष्ट्रात अकोल्याची जागा २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने घेतली. यशवंतराव चव्हाण, रा. कृ. पाटील आदींच्या सह्यांनी झालेल्या या करारात उपप्रांत गळाले. उरली ती लोकसंख्येच्या प्रमाणात निधी आणि नागपुरात दरवर्षी एक अधिवेशन अशी आश्वासने. १९५५ मध्ये फाजल अली आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली, तीही बाजूला पडली. १९५६ च्या दुरुस्तीने अनुच्छेद ३७१(२) आला. त्यातील विकास मंडळे प्रत्यक्षात १९९४ मध्ये स्थापन झाली, आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली.